डी-टॅनपासून ट्यूबपर्यंत: गोरेपणाच्या नादातून मुलांना बाहेर काढताना

मुंबईत मनोरीहून मार्वेला येणाऱ्या फेरीबोटीत सकाळी मासळीच्या टोपल्या घेऊन मालाडच्या बाजाराला निघालेल्या बायका असतात आणि त्यांच्याच घरातल्या, कॉलेजला निघालेल्या मुली असतात. बायकांचे चेहरे उघडे, मुलींचे स्कार्फने गुंडाळलेले. डोळे तेवढे बाहेर. उन्हापासून त्वचा जपली तर चांगलंच आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार असू नये. पण या स्कार्फखालची भीती बहुतेक वेळा उन्हाची नसते, रंगाची असते. ती आधी पार्लरमधल्या 'डी-टॅन'कडे नेते, मग मेडिकलमधल्या ट्यूबकडे आणि कधीकधी नाव-गाव नसलेल्या डबीकडे. या वाटेवर असलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. त्याहून जास्त तो त्यांच्या आईवडिलांसाठी, शिक्षकांसाठी आणि पार्लर चालवणाऱ्या ताईंसाठी आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच खेळ उलटा चालतो. अमेरिका, युरोपात गोऱ्या कातडीची तरुण मुलं अतिनील किरणांच्या दिव्यांखाली, टॅनिंग बेड नावाच्या पेटीत पडून राहतात, कातडी तांबूस-सावळी व्हावी म्हणून. तिकडे पूर्वी शेतात राबणारा रापलेला असायचा आणि घरात बसणारा श्रीमंत पांढराफटक. कारखाने आले, कामगार छपराखाली गेला आणि समुद्रकिनारी सुट्टी घालवणं श्रीमंतीचं लक्षण ठरलं, तसा रापलेला रंगही प्रतिष्ठेचा झाला. आपल्याकडे मात्र उन्हात राबणारा तो खालचा, हे जुनं समीकरण मोडलंच नाही. मनोरीच्या वाळूवर बोंबील, जवळा वाळत घालायला भर उन्हात उभी राहणारी बाई सावळी असते, कारण ती काम करते. तिच्या नातीला तोच रंग लपवावासा वाटतो.

टॅनिंग बेडविरुद्ध तिकडे काय केलं गेलं ते आपल्या कामाचं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली ही यंत्रं पहिल्या गटात टाकली, म्हणजे तंबाखूच्या पंक्तीत, माणसात कर्करोग निश्चित घडवणारी गोष्ट म्हणून. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांचा वापर सरसकट बंद केला. ऑस्ट्रेलियात क्लेअर ऑलिव्हर नावाची तरुणी २००७ साली, वयाच्या २६व्या वर्षी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने गेली. शेवटच्या दिवसांत तिने टॅनिंग सलूनविरुद्ध जाहीर मोहीम उघडली होती. त्यातून नियम कडक होत गेले आणि २०१५ पासून तिथल्या बहुतेक राज्यांत हा धंदाच बंद झाला. इंग्लंडने २०१० च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना मनाई केली, कॅलिफोर्नियाने २०११ साली तसाच कायदा केला. अमेरिकेने २०१० पासून टॅनिंगच्या बिलावर दहा टक्के कर लावला.

कायद्याइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट तिथल्या संशोधकांच्या लक्षात आली. विशीतल्या मुलीला 'पुढे कर्करोग होईल' म्हटलं तर तिला ते दूरचं वाटतं, ती ऐकून सोडून देते. 'तुझ्या चेहऱ्यावर लवकर सुरकुत्या पडतील, डाग येतील' हे मात्र तिला लागतं. दिसण्यासाठी जो धोका पत्करतो, त्याला दिसण्याच्याच भाषेत सांगावं लागतं. मनोरीत, मालाडात, बोरिवलीत गोरेपणाच्या क्रीमबद्दल बोलतानाही हेच धरून चाला. 'सावळा रंगही सुंदर असतो' हे वाक्य खरं आहे, पण आरशापुढे रडणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला त्याने धीर येत नाही. ती ट्यूब सहा महिन्यांनी चेहऱ्याचं काय करते ते तिला दाखवा.

तर आधी ट्यूबच बघू.

कातडीचा रंग ठरतो मेलॅनिन नावाच्या द्रव्यावरून. आपल्यासारख्यांच्या त्वचेत ते भरपूर असतं आणि अतिनील किरणांना अडवण्याचं काम करतं, म्हणूनच त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण आपल्यात गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी आहे. ऊन लागलं की शरीर स्वतःच्या रक्षणासाठी जादा मेलॅनिन तयार करतं आणि चेहरा रापतो. ऊन कमी झालं की साधारण महिना-दोन महिन्यांत वरचे थर झडून रंग आपोआप मूळ पदावर येतो. हे प्रत्येक मुलीला आणि मुलाला सांगितलं पाहिजे, कारण डी-टॅनचा अर्धा धंदा याच गोष्टीच्या अज्ञानावर चालतो. आपोआप उतरणारा रंग उतरवण्याचे पैसे घेतले जातात. आणि जन्मजात रंग, जो कपड्याआडच्या, ऊन न लागलेल्या दंडावर दिसतो, तो कुठल्याही क्रीमने कायमचा बदलत नाही.

मेडिकलमधून 'गोरं व्हायची क्रीम' म्हणून जे घेतलं जातं, त्यात फार वेळा स्टिरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावं लक्षात ठेवा. इसब, सोरायसिस, ॲलर्जी अशा आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधं उत्तम काम करतात. वाईट औषध नव्हे, चुकीच्या जागी गेलेलं औषध. ट्यूब घरात येते गजकर्णासाठी. मुंबईच्या दमट हवेत, घामाने आणि ओल्या कपड्यांनी गजकर्ण कुणाच्या घरात नाही? बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असलेली ट्यूब दुकानदार देतो. खाज दोन दिवसांत थांबते, पुढे गजकर्ण दुप्पट पसरतं. आणि एक दिवस घरातल्या कुणाच्या तरी लक्षात येतं की ही ट्यूब जिथे लावली तिथली कातडी जरा उजळ दिसते. तिथून ती चेहऱ्यावर जाते.

उजळ का दिसते? स्टिरॉइडमुळे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि भाग फिकट पडतो. पुरळ, लालसरपणा दबतो. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा खरंच तुकतुकीत दिसतो, मैत्रिणी विचारतात, काय लावतेस गं? मग हळूहळू कातडी पातळ होऊ लागते. गालांवर, नाकाच्या कडेला लाल-जांभळ्या बारीक रेघा दिसू लागतात, त्या रक्तवाहिन्या असतात. कपाळावर, हनुवटीवर एकाच आकाराच्या पुटकुळ्यांचं पीक येतं. ओठांच्या वर आणि गालांवर लव वाढते. उन्हात दोन मिनिटं उभं राहिलं तर चेहरा भाजल्यासारखा होतो. घाबरून मुलगी क्रीम बंद करते आणि चार-आठ दिवसांत चेहरा लालबुंद होऊन आग आग होते, कारण आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात. तिला वाटतं, क्रीम सोडली म्हणून त्रास झाला. ती परत लावते, आग शमते, आणि आता ती त्या ट्यूबची बांधील होते. सावकाराच्या कर्जासारखं हे असतं, जुनं फेडायला नवं घ्यावं लागतं.

त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' असं स्वतंत्र नावच दिलं आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांवर केलेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते, आणि सगळ्यात मोठं कारण होतं ते साधी क्रीम किंवा गोरेपणाची क्रीम म्हणून वापरण्याचं. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने यासाठी खास कृती दल नेमलं, कोर्टापर्यंत धाव घेतली. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा ठरलं. तरीही मिळतात, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे.

दुसरं एक मिश्रण त्वचेच्या डॉक्टरांकडे वांगासाठी वापरलं जातं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. अमेरिकेतल्या क्लिगमन या त्वचातज्ज्ञाने असं तिहेरी मिश्रण १९७५ साली मांडलं. (योगायोग असा की आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली तीही १९७५ मध्येच.) ठरावीक आठवड्यांपुरतं, ठरावीक डागांवर लावायचं हे औषध आपल्याकडे मुली पूर्ण चेहऱ्यावर, वर्षानुवर्षं लावतात. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर काहींच्या चेहऱ्यावर निळसर-काळे डाग उठतात आणि ते जाता जात नाहीत. उजळण्यासाठी लावलेल्या क्रीमने चेहरा काळवंडतो. मुलीला सांगायचं तर हे सांगा.

आता डबी. ही सगळ्यात घातक.

अकोल्यातली बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक विद्यार्थिनी स्थानिक ब्यूटिशियनकडची क्रीम लावत होती. चेहरा उजळलेला पाहून तिची आई आणि बहीणही लावू लागल्या. काही महिन्यांत एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना सूज आली. प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात पोहोचलं, तिथल्या प्रयोगशाळेत क्रीम तपासली तेव्हा तिच्यात पारा सापडला. २०२३ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांतून ही बातमी आली. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांतल्या १५ जणांत एक दुर्मीळ खूण सापडली आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. एका क्रीमला एकच दुर्दैवी घर बळी पडलं, असं समजून गप्प बसण्यासारखं हे नाही.

पारा मेलॅनिन तयार करणाऱ्या प्रक्रियेलाच खीळ घालतो, म्हणून रंग खरंच उजळतो आणि लोक भुलतात. पण तो कातडीतून रक्तात जातो, रक्तातून किडनीत जाऊन बसतो. किडनीची गाळणी खराब झाली की प्रथिनं लघवीवाटे जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. शिवाय पारा वाफेच्या रूपाने घरात पसरतो, टॉवेल-उशीला लागतो. आई लावते आणि कडेवरचं मूल तिच्या गालाला गाल लावतं, हे चित्र डोळ्यापुढे आणा.

भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही, चुकून आलेलाही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. मग ओळखायचं कसं? डोळ्यांनी पारा दिसत नाही, पण वेष्टन बरंच बोलतं. कायदेशीर क्रीमवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी असावीच लागते. परदेशी माल असेल तर आयात नोंदणी क्रमांक आणि इथल्या आयातदाराचा पत्ता. यातलं काही नसेल तर ती डबी घरात येऊ देऊ नका, देणारी कितीही ओळखीची असली तरी. घटकांत 'मर्क्युरी', 'मर्क्युरिक', 'कॅलोमेल' किंवा 'सिनाबारिस' असा शब्द दिसला तर ती सरळ बाजूला ठेवा. 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये' अशी सूचना असेल तर तीही पाऱ्याची खूण आहे, कारण पारा या धातूंशी संयोग पावतो. आणि ज्या क्रीमने आठवड्याभरात चेहरा दोन छटा उजळतो, तिच्यात स्टिरॉइड किंवा पारा असण्याचीच शक्यता जास्त.

अंधेरी-बोरिवलीकडे आता ग्लुटाथिओनच्या सुया टोचून गोरं करण्याचं फॅड आलं आहे, लग्नाच्या 'पॅकेज'मध्ये ते धरलेलं असतं. अमेरिकेच्या एफडीएने गोरेपणासाठी कुठल्याही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने २०११ सालीच या सुयांच्या गंभीर दुष्परिणामांबद्दल जनतेला सावध केलं होतं. त्यासाठी कर्ज काढू नका, हप्ते बांधून घेऊ नका.

लावत असाल तर पुढे काय

ट्यूब महिनोन्महिने लावत असाल तर आधी ती पिशवीत घाला आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. महापालिकेच्या कूपर, नायर, केईएम, सायन या रुग्णालयांत त्वचा विभाग आहेत, केसपेपरचा खर्च नाममात्र असतो. मनोरीकरांना कूपर त्यातल्या त्यात जवळ. ट्यूब सोबत नेण्याचं कारण असं की नाव सांगताना गडबड होते आणि डॉक्टरांना आतलं औषध कोणतं, किती ताकदीचं, हे कळायला हवं. मनाने एकदम बंद करून घरी बसलात तर वर सांगितलेली आग होईल आणि तुम्ही परत तिच्याकडे वळाल. डॉक्टर कधी हळूहळू कमी करायला सांगतात, कधी स्टिरॉइड नसलेलं दुसरं औषध देतात. थंड पाण्याच्या घड्या, साधं सुगंधविरहित मॉइश्चरायझर आणि सौम्य साबण एवढंच तेव्हा चेहऱ्याला लागतं. लिंबू, बेसन, हळद, टूथपेस्ट यांतलं काही लावू नका, कातडी आधीच सोललेली असते. सुधारायला आठवडे नव्हे, महिने लागतात. त्या काळात घरच्यांनी 'आधी बरी दिसत होतीस' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. हे वाक्य ऐकून परत ट्यूब उचललेल्या मुली आहेत.

डबीच्या बाबतीत नियम वेगळा. पाऱ्याची शंका असेल तर त्याच दिवशी लावणं थांबवा. डबी कचऱ्यात किंवा खाडीत टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून डॉक्टरांना दाखवायला ठेवा, ती तपासणीला उपयोगी पडते. टॉवेल, उशीचे अभ्रे वेगळे धुवा. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी साधी आणि स्वस्त आहे, ती त्याच आठवड्यात करून घ्या. घरात आणखी कुणी लावत असेल तर त्यांचीही करा. वेळीच थांबलेले बहुतेक रुग्ण बरे होतात, म्हणून लाजेपोटी लपवू नका.

घरात, शाळेत, पार्लरमध्ये

औषधांचं सांगून झालं तरी मूळ दुखणं राहतंच. ते घरात सुरू होतं. सुट्टीला गावी आलेली भाची उंबऱ्यावर पाय ठेवते न ठेवते तोच मावशी म्हणते, 'किती काळवंडलीस गं!' त्यात मावशीचा जीवच असतो, पण भाची ते वर्षभर घेऊन फिरते. बाळ जन्मलं की पहिल्या दिवशी रंग बघणं, गरोदर सुनेला गोरं बाळ व्हावं म्हणून केशराचं दूध देणं, दोन बहिणींत एकीला 'गोरी' आणि दुसरीला 'काळी' अशी हाक मारणं, हे सगळं प्रेमाने चालतं आणि याच प्रेमातून मुलगी ट्यूबकडे जाते. घरातल्या मोठ्या बाईने एकदा ठरवावं आणि सगळ्यांना सांगावं की या घरात कुणाच्या रंगावर बोलायचं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. 'किती गोरी दिसतेस' हेही नको. कौतुक करायचं तर कामाचं, आवाजाचं, हसण्याचं करा.

मुलांनाही हे लागू आहे, फक्त मुलींना नव्हे. होडीवर जाणारा, क्रिकेट खेळणारा, डिलिव्हरीचं काम करणारा मुलगाही आता 'मेन्स फेअरनेस' घेतो. तो कुणाला सांगत नाही, एवढाच फरक. बापाने त्याच्याशी बोलावं.

शिक्षकांना एक विनंती. स्नेहसंमेलनात राजकन्येचं काम कुणाला देता, नाचात पुढच्या रांगेत कुणाला उभं करता, हे मुलं बारकाईने बघतात. कोळीनृत्यात गोऱ्या मुली पुढे आणि खऱ्या कोळीवाड्यातली सावळी मुलगी मागे, असं घडत असेल तर ते याच वर्षी बदला. विज्ञानाच्या तासाला मेलॅनिन शिकवताना ते आपलं संरक्षण कसं करतं, हे अर्धा तास जास्त घेऊन शिकवा. आठवी-नववीच्या मुलांना जाहिराती समोर ठेवून प्रश्न विचारायला लावा. जाहिरात मानक परिषदेने २०१४ सालीच नियम केला आहे की सावळ्या माणसाला दुःखी, अनाकर्षक किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेला दाखवता येणार नाही. असं काही दिसलं तर मुलांकरवीच परिषदेकडे तक्रार करवा, ती ऑनलाइन करता येते. अशी तक्रार करणारा वर्ग पुढे सहजासहजी फसत नाही.

पार्लरवाल्या ताईंबद्दल मला राग नाही. गावातल्या किती मुलींचं घर या कामावर चालतं. त्यांनी काही पथ्यं पाळली तर त्या डॉक्टरांपेक्षा जास्त मुलींना वाचवू शकतील, कारण मुलगी आधी त्यांच्याकडे येते. बिनलेबलची डबी विकायची नाही. ब्लीच किंवा डी-टॅन लावण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबायचं. हळदीच्या आदल्या दिवशी नवा प्रयोग करायचा नाही. आणि गालावर लाल रेघा दिसणारी, ब्लीचने लगेच जळजळ होणारी मुलगी आली तर तिला विचारायचं: बाय, घरी काय लावतेस? उत्तर 'मेडिकलची ट्यूब' असं आलं तर त्या दिवशी ब्लीच न करता तिला डॉक्टरांकडे पाठवायचं. एक गिऱ्हाईक जाईल, पण चेहरा वाचेल.

मेडिकलवाल्यांनाही सांगायला हवं आणि ते एकट्याने जमत नाही. महिला मंडळाने, चर्चच्या युवक गटाने, सोसायटीच्या लोकांनी मिळून जाऊन सांगावं की चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड मलम देऊ नका. तुम्ही स्वतः ट्यूब घेताना खोक्यावरची 'शेड्यूल एच'ची चौकट आणि लाल रेघ बघा, ती असली तर चिठ्ठी लागतेच. बिल मागा. ऐकत नसतील तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

बाजारही थोडा हललाय, हे सांगायला हवं. अंधेरीत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२० मध्ये आपल्या 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. शादी डॉट कॉमने त्याच वर्षी जून महिन्यात स्थळं रंगावरून निवडण्याची सोय काढून टाकली, तीही अमेरिकेतल्या भारतीय बायकांनी आवाज उठवल्यावर. अभिनेत्री नंदिता दास गेली कित्येक वर्षं 'डार्क इज ब्यूटिफुल' मोहिमेबरोबर उभी आहे. २०२० मध्ये केंद्राने गोरेपणाच्या दाव्याच्या जाहिरातींना शिक्षा करणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा काढला, तो मसुदाच राहिला. नाव बदलल्याने डबीतलं क्रीम बदलत नाही, म्हणून कायद्याची वाट बघत बसू नये असं माझं मत आहे. लग्नाच्या बायोडेटातला 'वर्ण' हा रकाना तुम्ही आजच खोडू शकता. समोरच्या घराने विचारला तर 'फोटो बघा' म्हणा.

ऊन मात्र जपाच

रंगासाठी नव्हे, प्रकृतीसाठी. होडीवर आणि वाळूवर काम करणाऱ्यांना ऊन दोनदा लागतं, वरून आणि पाण्यावरून. वर्षानुवर्षं ऊन-वारा-खारं पाणी झेलणाऱ्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे मांसल पडदा सरकतो, तो आपल्या किनाऱ्यावर नवा नाही. रुंद काठाची टोपी आणि चांगला काळा चष्मा हा कोळ्याच्या घरचा खर्च समजा. सकाळी अकरा ते तीनचं ऊन टाळता येईल तेवढं टाळा, सुती पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ ३० चं घ्या, दोन बोटांवर काढलेल्या रेषेइतकं चेहऱ्याला आणि मानेला लावा, उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी परत. वांग किंवा मुरुमांचे काळे डाग असतील तर सनस्क्रीन सगळ्यात उपयोगी, कारण ऊन लागत राहिलं तर कुठलंही औषध पुरं पडत नाही. एवढं करून चेहरा रापला तरी तो आजार नाही.

शिकायला अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या मुलांनाही एक सांगून ठेवा. तिकडे काही जिमच्या वर्गणीत टॅनिंग बेड फुकट मिळतो आणि थंडीत 'व्हिटॅमिन डी मिळेल' म्हणून मित्र घेऊन जातात. त्या दिव्यांतून मुख्यतः अतिनील 'ए' किरण येतात, त्यांनी व्हिटॅमिन डी तयार होत नाही. ते गोळीने मिळतं.

येत्या लग्नसराईत मनोरी, गोराई, उत्तनच्या घरांत हळदी लागतील, मुली पार्लरच्या खुर्चीत बसतील. ज्यांच्या घरात सध्या बिनलेबलची डबी आहे आणि कुणाच्या पायांवर सूज किंवा लघवीला फेस दिसतोय, त्यांनी लग्न होईपर्यंत थांबू नये. उद्या सकाळची फेरी धरा, डबी सोबत घ्या, रुग्णालय गाठा आणि लघवी तपासून घ्या.